तुम्ही विचारलंत म्हणून: मी अफगाण मुलामुलींना काबूल पडलं त्या दिवसांबद्दल का विचारत नाही

"अगं, पण तू त्यांच्याशी त्याबद्दल बोलतच नाहीस? मग हे समुपदेशन कसलं, नुसते फॉर्म तर भरून देतेस." मावशीपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. पुण्यात शिकायला आलेली आणि 15 ऑगस्ट 2021 ला तालिबानने काबूल घेतल्यावर इथेच अडकून पडलेली अफगाण मुलंमुली, त्यांच्यासोबत मी काम करते.

हो, भरते फॉर्म. व्हिसाची मुदत, संपत आलेला पासपोर्ट, त्यात नोव्हेंबर 2023 मध्ये दिल्लीतला त्यांचा दूतावास बंद पडला. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे शिक्षण संपलं की ह्या मुलांनी इथे कोण म्हणून राहायचं ह्याला सरळ उत्तर नाही. ह्या काळजीने रात्र रात्र जागणाऱ्या पोरीला नुसतं दीर्घ श्वास घे म्हणून सांगायचं? सांगते मी, उपयोगही होतो, पण आधी अर्ज.

आणि विचारत का नाही, तर ऐका. एका कॉलेजात कार्यक्रम होता, ह्या मुलांचे अनुभव ऐकायचे असा. माझ्या ओळखीतली एक मुलगी स्टेजवर होती, मी प्रेक्षकांत. ती भाषा, जेवण, पुण्यातला पाऊस असं छान बोलत होती. मग सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, 26 ऑगस्टला काबूलच्या विमानतळावर स्फोट झाला तेव्हा तुझा भाऊ तिथे होता ना, त्या वेळी तू काय करत होतीस? ती थांबली. बाई म्हणाल्या, बोल बाळा, मोकळी हो. ती म्हणाली, मी मेसमध्ये जेवत होते. भाऊ रात्रभर फोन उचलत नव्हता आणि मला ते माहीतच नव्हतं, मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, बायका डोळे पुसत होत्या, तिला शाल दिली, फोटो काढले. भाऊ वाचलाय हो, इराणमध्ये आहे, पण ते कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर तिचं मेसमध्ये जाणं बंद झालं. डबा लावला तर तो तसाच परत जायचा. मैत्रीण ताटात भात वाढायला लागली की ही उठून बाहेर. पोरगी सुकत चालली होती आणि त्या कार्यक्रमाचे फोटो लोक अजून शेअर करत होते.

मला पण आधी वाटायचंच की एकदा सगळं बाहेर आलं की माणूस हलका होतो. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाहेर आलं ते धरायला समोर कोण होतं गं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही हेच आहे, आधी बघा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या, पण घडलेलं सांगायला जबरदस्ती करू नका. त्याच संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार संघर्षाच्या भागात राहिलेल्या दर 5 माणसांत 1 जणाला मानसिक आजार असतो, त्यांना डॉक्टर लागतो आणि तिथे मी पाठवते, तिलाही पाठवलं. बाकीच्यांनाही त्रास होतो, पण तो प्रत्येक वेळी आजार नसतो.

"आता सुरक्षित आहेत ना, मग काय" हे तर आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनाही ऐकावं लागतं. माळीण गावावर 2014 मध्ये दरड कोसळली, 2017 मध्ये वाचलेल्यांना नव्या जागी पक्की घरं मिळाली. म्हणून पाऊस धरला की भीती वाटायची थांबते का?

तरी एक मुलगा आहे, त्याला बोलायचंच असतं, दर वेळी तेच, तेवढंच, आणि त्याला खरंच बरं वाटतं. मग माझं म्हणणं कुठे गेलं? माहीत नाही. त्याचं ऐकते, तिला विचारत नाही. ती हल्ली मैत्रिणीबरोबर जेवते, भात सोडून. तिची होस्टेलची मुदत संपतेय आणि अफगाण म्हटलं की घरमालक फोन ठेवतात, तेव्हा कोंढवा, कॅम्प भागात कुणी खोली देत असेल तर तेवढं कळवा.