पार्लर नाही, तरी डेव्हलपर हवाय

केस रंगवणं अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते डेव्हलपर, म्हणजे ट्यूबमधल्या रंगात मिसळायचं क्रीम, विकत घेणं, आणि त्याचा राग अजून डोक्यात आहे, म्हणून हे लिहितेय.

तयार बॉक्सचा मला कंटाळा आला होता. त्यात जे मिश्रण येतं तेच निमूटपणे लावायचं, आणि ‘डार्क ब्राउन’ म्हणून घेतलेलं माझ्या केसांवर दर वेळी काळंकुट्ट दिसायचं. पार्लरमध्ये महिन्याच्या महिन्याला फक्त मुळं रंगवून घेणं खिशाला जड. तेव्हा पार्लरवाले वापरतात ती ट्यूबच आणायची ठरवली. ट्यूब सहज मिळाली. शेडचा आकडा वाचायला शिकलात की झालं. टिंबाआधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो, 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे अगदी फिका सोनेरी. टिंबानंतरचा आकडा छटेचा. छटांचे आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे शेड कार्ड बघूनच घ्या. पांढरे केस झाकायचे असतील तर 4.0सारखी साधी नॅचरल शेड हवी, किंवा निदान अर्धी तरी तीच. नुसती तांबूस किंवा लालसर शेड पांढऱ्या केसांवर भडक दिसते.

आता डेव्हलपर. म्हणजे क्रीमच्या रूपातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ट्यूबमध्ये ते नसतं, वेगळं घ्यावं लागतं. रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका होलसेल दुकानात गेले.

“पार्लर कुठं आहे तुमचं, मॅडम?”

“पार्लर नाही. घरी लावायचंय.”

“मग रेडी बॉक्स घ्या ना.”

“बॉक्स नकोय. ट्वेंटी व्हॉल्यूम द्या. सहा टक्के.”

“ट्वेंटी म्हणजे वीस टक्के. सहा कुठलं?”

मी जन्मभर ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन निघतो म्हणून वीस व्हॉल्यूम, आणि त्यात पेरॉक्साइड असतं साधारण सहा टक्के. त्याच हिशेबानं 10 म्हणजे तीन, 30 म्हणजे नऊ, 40 म्हणजे बारा. त्याच्यामागच्या फळीवरच्या बाटल्यांवर दोन्ही आकडे छापलेले होते. मी बोट दाखवलं. त्यानं न वाचताच चाळीसची बाटली काउंटरवर आपटली. “हेच न्या. रंग पटकन पकडतो. सगळे हेच नेतात.”

सगळे नेत असतील, पण चाळीस असतं गडद केस खूप उजळवायला. पांढऱ्या केसात उडवायला रंगच नसतो! वर डोक्याची आग होणार, आणि शेजारचे काळे केस मुळाशी तांबूस होणार, कारण टाळूच्या उबेनं तिथं काम आणखी जोरात चालतं. हे मी त्याला सांगत होते आणि तो माझ्या खांद्यावरून मागच्या बाईची यादी वाचत होता. यादीवाल्या येत होत्या, पिशव्या भरून जात होत्या. मी काउंटरच्या कोपऱ्यात उभी.

मग म्हणाला, वीसचा लिटरच येतो, थोडं हवं असेल तर लूज देतो. आणि फोडलेल्या कॅनमधून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतायला निघाला. हे कधीही घेऊ नका. कॅन कधी फोडला, आत किती ताकद उरलीय, काही कळत नाही, आणि पारदर्शक बाटलीत उजेडानं पेरॉक्साइड आणखी लवकर मरतं. मी नको म्हटल्यावर “बिल हवं तर जीएसटी नंबर सांगा” असा पुढचा अडथळा आला. केसांना रंग लावायला जीएसटी नंबर!

शेजारी उभ्या असलेल्या एका पार्लरवाल्या ताईंना माझी दया आली असावी. त्या हळूच म्हणाल्या, “वीसच घ्या. ट्यूबच्या दीडपट घाला. पण खोक्यातला कागद आधी बघा, काहींचं सारखंसारखं असतं.” अख्ख्या दुकानात कामाचं तेवढंच एक वाक्य ऐकलं. शेवटी मालकांचा फोन संपला, त्यांनी सीलबंद लिटर काढून दिला, तारीख मी स्वतः वाचली, आणि बिलही निमूट मिळालं. मग इतका वेळ काय चाललं होतं?

पुढचं भराभर झालं. चाळीस ग्रॅम ट्यूबला साठ ग्रॅम डेव्हलपर, किचनच्या काट्यावर मोजून. अंदाजानं पिळू नका. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची, धातूची नाही. जिथं सगळ्यात पांढरं तिथून सुरुवात, माझं कानशिलांपासून. वाटीतलं मिश्रण काळं पडलं म्हणजे केस रंगले असं नाही. रंगाचे बारीक रेणू केसात शिरून तिथं एकमेकांना जोडले जायला वेळ लागतो, म्हणून कागदावर लिहिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या. उरलेलं मिश्रण झाकून ठेवायचं नाही. ऑक्सिजन सुटत राहतो, बंद बाटली फुटू शकते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. रविवारी लावायचं असेल तर शुक्रवारी कानामागे थोडं लावून बघा, 48 तास. रंगातल्या पीपीडी नावाच्या घटकाची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यांनाही अचानक उद्भवते. खाज, सूज, पुरळ आलं तर बेत रद्द, आणि चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टर. भुवयांना तर हे चुकूनही लावू नका. आधी काळी मेंदी लावत असाल तर विंचरताना निघालेल्या केसांवर प्रयोग करा, कारण काही पावडरींत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइड लागलं की ते तापतात.

खिडकी उघडी ठेवा, अमोनियाचा वास बसतो. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन. आणि शेडबद्दल शंका असेल तर एक नंबर फिकी घ्या. गडद करणं कधीही जमतं, पण रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत.

लिटरची बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. उघडल्याची तारीख वर लिहून कपाटात ठेवलीय. सोसायटीतल्या दोघींनी थोडं मागितलं. लूज देत नाही म्हटलं, घरी येऊन लावून जा.