मिल्नर खिंड: कोलोरॅडोच्या पाण्याची वाट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम ३७ मीटर खाली. तरीही शहरातून पूर्वेकडे पाहिले तर क्षितिजापर्यंत सपाट गवताळ माळच दिसतो. रॉकी पर्वताची रांग उभी राहते ती पश्चिमेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन मी ती रांग ओलांडायला निघालो. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आम्ही आधी दोन रात्री एस्टेस पार्क या गावी राहिलो. वयस्कर माणसे सोबत असतील तर हा मुक्काम कोणीही टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तिथून ‘ट्रेल रिज रोड’ नावाचा रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो आणि बर्फामुळे वर्षातले सहा-सात महिने बंद असतो. बर्फ उपसणाऱ्या यंत्रांना रस्त्याची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना उंच लाकडी खांब रोवलेले आहेत. साधारण साडेतीन हजार मीटरवर झाडे संपतात आणि पुढे उघड्या खडकांमध्ये हिरव्या शेवाळासारखी दिसणारी गादी पसरलेली असते. आईने गुडघ्यावर हात टेकून वाकून पाहिले, तेव्हा त्या गादीवर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पाच पाकळ्यांची गुलाबी फुले होती. वारा इतका बोचरा होता की उभे राहणे कठीण जात होते, पण जमिनीला चिकटलेल्या त्या फुलांना तो जाणवतही नव्हता. उन्हाळ्यात इथे दुपारी हटकून गडगडाटी ढग जमतात, म्हणून माथ्यावरून दुपारच्या आत उतरावे लागते.

माथ्यावरून पश्चिमेकडे उतरताना याच रस्त्यावर लागणारी मिल्नर खिंड ३,२७९ मीटरवर आहे. दिसायला ती साधीच आहे: एक लहान तळे, थोडी झाडे आणि एक फलक. परंतु अमेरिका खंडाचा जलविभाजक इथून जातो. खिंडीच्या एका बाजूचे पाणी प्लॅट, मिसुरी आणि मिसिसिपी या नद्यांतून मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. दुसऱ्या बाजूचे कोलोरॅडो नदीला मिळून कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या दिशेने निघते, पण वाटेत शेतीसाठी आणि शहरांसाठी त्याचा इतका उपसा होतो की ते समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचते. राज्याचा इतिहासही याच डोंगराने दुभागला आहे. विभाजकाच्या पूर्वेचा या भागातला प्रदेश अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतला, तर पश्चिमेचा १८४८ मध्ये युद्धानंतर मेक्सिकोकडून मिळवला. या व्यवहारांत यूट आणि अरापाहो लोकांना, ज्यांची ही भूमी होती, कोणी विचारले नाही. १८५८ मध्ये पूर्वेच्या पायथ्याशी सोने सापडल्यावर वसाहतींचा लोंढा आला. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे सैनिकांनी शाएन आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला करून मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्धांची कत्तल केली. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८७६ मध्ये, कोलोरॅडो राज्य झाले. नकाशावरच्या त्याच्या जवळजवळ चौकोनी आकृतीत ना डोंगर दिसतात ना ही माणसे, आणि मला ते खटकते.

हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारी दमट हवा डोंगर चढताना पश्चिम उतारावर बर्फ टाकते आणि पलीकडे कोरडी होऊन उतरते. डेन्व्हरला वर्षभरात सुमारे ३७० मिलिमीटरच पाऊस-बर्फ मिळतो. राज्याचे सुमारे ८० टक्के पाणी पश्चिमेला, तर ८० टक्क्यांहून अधिक लोक पूर्वेला, अशी ही विषम वाटणी आहे. म्हणून या डोंगराच्या पोटातून सुमारे २१ किलोमीटर लांबीचा ॲडम्स बोगदा खोदला गेला आणि १९४७ पासून पश्चिमेचे पाणी त्यातून पूर्वेकडच्या शेतांना आणि गावांना जाऊ लागले.

हे ऐकताच आई म्हणाली, “अरे, मग हे आपल्या कोयनेच्या उलटंच झालं की!” तिचे सारे आयुष्य चिपळूणला गेले आहे. पूर्वेला जाणाऱ्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, वीज तयार करते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीत येते, हे तिने दारातल्या नदीवरच पाहिलेले आहे.

खिंडीपलीकडे उतरताना काळ्या बुंध्यांची रानेच्या राने लागली. ऑक्टोबर २०२० मधला वणवा इथून पेटत जाऊन जलविभाजकाचा उघडा माथासुद्धा ओलांडून गेला होता. खाली ग्रँड लेक हे गाव आणि सरोवर आहे. कोलोरॅडो नदीच्या या वरच्या प्रवाहाला १९२१ पर्यंत ‘ग्रँड’ म्हणत, ते नाव सरोवराने जपले आहे.

सरोवराच्या पूर्व काठावर बोगद्याचे तोंड आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे कोणीही नव्हते. लोखंडी जाळीला पाइनच्या सुया आणि वाळक्या काटक्या अडकल्या होत्या, आणि त्यांच्याखालून पाणी, फारसा आवाज न करता, डोंगरात शिरत होते. “आमच्याकडे ते बाहेर पडतं, तेव्हा केवढा आवाज असतो,” आई म्हणाली आणि जाळीजवळ बराच वेळ उभी राहिली.