पैसे वसूल

मध्यमवर्गीय मराठी जमाखर्चात ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींमधून सांगितलेली कादंबरी, कुठेच बसत नाही. चारशे पानांची साधी कादंबरी घेतली तर ती पंधरा दिवस पुरते. ग्राफिक कादंबरीला तिच्यापेक्षा बरेच जास्त पैसे पडतात आणि रविवारी जेवणानंतर हातात घेतली तर चहाच्या आत संपते. आईला हे मुळीच मंजूर नाही. तिच्या लेखी पुस्तक म्हणजे अक्षरं. चित्रं वर फुकट मिळाली पाहिजेत, भाजीवर कोथिंबीर मिळते तशी. "एवढे पैसे मोजलेस आणि या पानावर तर एक शब्द नाही," असं ती पान दाखवून म्हणते, दुकानदारानं मापात मारल्यासारखं.

तिची तक्रार अगदीच अनाठायी नाही. लहानपणी आम्ही इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो ती हातोहात फिरलेली, कोपरे गेलेली. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, ठोसा मारणार, गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटणार, पान उलटा. चित्राकडे बघत बसायला फुरसत कुणाला? पुढे काय होतं एवढाच प्रश्न, आणि पुढचा गिऱ्हाईक शेजारी मांडी घालून बसलेलाच असायचा. कॉमिक्स म्हणजे झटपट संपणारी गोष्ट हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

कॉमिक्समधून वीरपुरुष वजा केला की हे गणित बिघडतं. जिरो तानिगुची या जपानी चित्रकाराचं 'द वॉकिंग मॅन' घ्या. चष्मा लावलेला एक साधासुधा माणूस उपनगरात फिरायला निघतो. बास, एवढीच गोष्ट. पक्षी बघतो. मुलांचं झाडात अडकलेलं खेळण्यातलं विमान काढायला वर चढतो. गुंड नाही, ठोसा नाही, पानंच्या पानं संवाद नाही. पहिल्यांदा मी ते लोकलची वाट बघता बघता संपवलं आणि मनातल्या मनात आईच्या बाजूनं मत दिलं. पुढे एकदा तापात पडले असताना तेच पुन्हा उघडलं. डोकं जड होतं, पान उलटायचाही कंटाळा. तेव्हा त्या चौकटींमधली कौलं दिसली, विजेच्या तारा दिसल्या, गल्ली कुठे वळते ते दिसलं. कुठल्या चौकटीत किती वेळ थांबायचं हे सिनेमात दिग्दर्शक ठरवतो. इथे ते वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं. घाईत असलो तर पुस्तक बिचारं आपल्याबरोबर पळतं, तक्रार करत नाही.

दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीतही पुष्कळ काही चाललेलं असतं. स्कॉट मॅक्लाउडनं 1993 साली कॉमिक्सविषयी एक पुस्तक केलं, तेही कॉमिक्समध्येच. त्यात एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली आहे आणि पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर फक्त किंकाळी. मॅक्लाउड म्हणतो, कुऱ्हाड उगारलेली मी काढली असेल, पण खाली आणली ती तुम्ही. हे वाचल्यावर मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. खून कुठेच काढलेला नव्हता.

आईला पटलेलं पहिलं पात्र मात्र निघालं ते 'माउस'मधलं. आर्ट स्पीगलमननं आपल्या वडिलांची, व्लाडेकची, आउशवित्झच्या छळछावणीतून जगून वाचल्याची कहाणी त्यात काढली आहे: ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. 1992 साली तिला पुलित्झरचं खास पारितोषिक मिळालं. पण मी पुन्हापुन्हा उघडते ती पानं छावणीची नव्हेत, अमेरिकेतल्या म्हाताऱ्या व्लाडेकची. तो औषधाच्या गोळ्या मोजत बसतो. भाड्यात गॅस धरलेला आहे म्हणून काड्यापेटीची काडी वाचवायला शेगडी दिवसभर पेटती ठेवतो. आणि एकदा अर्धवट खाल्लेले खाऊचे खोके दुकानात परत करायला जातो. मुलगा आणि सून शरमेनं बाहेर गाडीत बसून राहतात. म्हातारा मॅनेजरला आपली तब्येत, सोडून गेलेली बायको आणि छावणीतले दिवस सगळं ऐकवतो आणि नवा माल घेऊन बाहेर येतो. हसावं की काय करावं ते कळत नाही. हा प्रसंग मी आईला मराठीतून वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. उपाशी राहिलेला माणूस टाकेल का अन्न?" सुनेबद्दलही एक शेरा आला, तो इथे देत नाही.

(एका वाचनालयात 'पर्सेपोलिस' ही ग्राफिक कादंबरीच मला बालविभागात मिळाली होती. इराणची क्रांती, तुरुंग, फाशी, युद्ध, सगळं रंगीत ससोबांच्या शेजारी. चित्रं आहेत ना, मग मुलांचंच.)

'भीमायन' वाचताना आईला सोबत घेतलं ते ठरवून. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी दांपत्यानं डॉ. आंबेडकरांचं आयुष्य त्यात काढलं आहे. 2011 साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं ते काढलं. माणसांना चौकटीत कोंबायचं नाही असं या दोघांनी ठरवलं, म्हणून तिथे सरळ रेघांचे खोके नाहीत. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर असते त्या दिग्ना नक्षीच्या वळणांनी पान विभागलेलं आहे. बोलण्याचे फुगेही दोन जातींचे. मऊ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्यासारखा, टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे शब्द वाचायच्या आधीच कळतं, समोरचा काय बोलणार आहे. इंग्रजी मी वाचत होते, चित्रं ती. मी पान उलटायला गेले की माझ्या हातावर हात ठेवायची. "थांब की. माझं अजून झालं नाही."

मग मसूर स्टेशन आलं. 1901 साल. लहानगा भीम आणि बरोबरची मुलं वडिलांकडे जायला नटूनथटून गाडीतून उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतो, आणि मुलं महार आहेत हे कळताच मागे सरतो. बैलगाडीवाले घेईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. वाटेत रात्रभर प्यायला पाणी नाही.

आईनं पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

"मसूर म्हणजे आपलंच ना, कराडच्या अलीकडचं?"

"हो."

"किती वेळा उतरले असेन मी तिथे. कुणी बोललं नाही कधी." चष्मा पुसून तिनं पुन्हा ते पान जवळ धरलं. "त्या स्टेशनमास्तरचं नाव दिलंय का?"

"नाही."

"द्यायला पाहिजे होतं," ती म्हणाली.