अल्कोव्ह स्प्रिंग : डबा बुडाखालीच होता

जिओकॅश शोधायला, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं हुडकून आतल्या वहीत नाव लिहायच्या खेळासाठी, कॅन्सस सिटीहून सकाळी सातला निघालो आणि तीनेक तासांत अल्कोव्ह स्प्रिंगला पोचलो. कॅन्ससमधल्या मेरीसव्हिल आणि ब्लू रॅपिड्स या दोन गावांच्या मधली ही जागा. हायवे ७७ सोडला की पुढे खडीचा रस्ता. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. आमची गाडी एका वळणावर अशी घसरली, की बायको पुढची दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही.

हा ओरेगन ट्रेलवरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात लोक पश्चिमेला ओरेगनकडे ज्या वाटेनं गेले तिच्यावरचा मुक्काम. बिग ब्लू नदी ओलांडण्याआधी स्थलांतरितांचे तांडे या झऱ्यापाशी थांबत. मे १८४६मध्ये नदीला पूर आला आणि पुढे सिएरा नेवाडाच्या बर्फात ज्यांची दैना झाली ती डॉनर-रीड मंडळी इथे अडकली. जेम्स रीडनं खडकावर नाव आणि २६ मे ही तारीख कोरली. त्याच्या सत्तर वर्षांच्या सासूबाई, सेरा कीज, २९ तारखेला इथेच वारल्या. त्यांना ओकखाली पुरलं. मग लाकडाचा तराफा करून गाड्या पलीकडे नेल्या. झऱ्यावरच्या कातळात ‘अल्कोव्ह स्प्रिंग’ ही जुनी अक्षरं आजही दिसतात. धार मात्र उन्हाळ्यात बारीक होते, म्हणून मे महिनाच बरा.

आता जिओकॅश. ओढ्याच्या घळीत, दाट झाडीखाली, जीपीएसचा बाण वीस-तीस फूट भरकटतो. तासभर त्याच्या मागे फिरलो, शेवटी कंटाळून एका ओंडक्यावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. डबा त्याच ओंडक्याखाली! लेकीला दिसला. तेव्हा जवळ पोचलात की फोन खिशात ठेवा आणि आपण असतो तर कुठे लपवला असता, ते बघा.

गंमत म्हणजे या खेळातला पहिला डबा ३ मे २००० रोजी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ ठेवला गेला. ट्रेलचं शेवटचं टोक, ओरेगन सिटी, तिथून अगदी जवळ.

फुलपँट घालाच, गवतात गोचिडी असतात आणि अंगाला लागली की खाज सुटणारी, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीही. घरी आल्यावर गुडघ्यामागे नीट तपासा. झऱ्याचं पाणी पिऊ नका, आपलं न्या. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा, रेंजचा भरवसा नाही. आणि पेन! आमचं गाडीत राहिलं होतं, तेवढ्यासाठी मला चढ परत चढावा लागला. डब्यातली वही ओलसर झाली आहे, जाणाऱ्यांनी एक झिपची पिशवी सोबत न्यावी.