चुलाण पेटलेलं असतानाच जा

मागच्या वर्षी एका कृषी पर्यटन केंद्रात मुलांना घेऊन गेलो होतो. पोहायचा तलाव, रंगवलेली बैलगाडी, रात्री गाणी. शेतात मात्र चिटपाखरू नव्हतं. म्हणून यंदा ठरवलं, जायचं ते ऐन हंगामात आणि काम चालू असेल तिथंच.

जानेवारीत पन्हाळ्याच्या पायथ्याला, ओळखीतून कळलेल्या एका ऊसवाल्या मामांकडे तीन दिवस उतरलो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्यानंतर त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. जेवण मात्र घरच्यांबरोबर, चुलीपुढं.

पहाटे मामींनी मुलांना गोठ्यात नेलं. आधी रेडकू सोडलं, म्हैस पान्हवली, मग धार काढायला बसल्या. सईनं विचारलं, "सगळं दूध आपण घेतल्यावर ते काय पिणार?" मामींनी न पिळलेला एक सड दाखवला. "ह्यो त्येचा." सई त्यानंतर बराच वेळ रेडकाच्या मानेवर हात ठेवून उभी होती.

दिवस उजाडल्यावर गुऱ्हाळ. पहाटेच तोडलेला ऊस चरकाला लागला होता. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांपुढं पडलं होतं. चरकातून निघालेली चिपाडं अंगणभर वाळत टाकायची आणि तीच चुलाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत घालायची. सरपण विकत आणावं लागत नाही. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत तापू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चीक घालतात. काळपट मळी फेस होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो.

जवळून बघायला सई काहिलीकडे सरकली तसे गूळ बनवणारे कारागीर, गुळवे, ओरडले, "पोरीला मागं घ्या!" त्यांचं बरोबरच होतं. उकळता पाक अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावंच: हात धरूनच उभं राहायचं.

अडीच-तीन तासांनी बुडबुडे जड झाले. गुळव्यांनी थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर आपटली. टणकन वाजली. "उतरा!" चार माणसांनी काहील गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली आणि सगळ्या घरभर तो वास पसरला.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी मामांच्या गावातली गुऱ्हाळं एकेक करून बंद पडताहेत. कारखान्याला ऊस घातला की शेतकरी मोकळा होतो; इथं तोडणीपासून ढेपेपर्यंत माणसं लागतात आणि चांगला गुळव्या मिळणं अवघड झालंय. मामा म्हणाले, खोल्यांच्या पैशातून हंगामाच्या सुरुवातीला मजुरांना आगाऊ द्यायची उचल भागते. हे ऐकून आमचे तीन दिवस मला फार मोलाचे वाटले.

निघताना मामींनी काकवीची बाटली दिली. घरी आल्यावर सईनं पहिल्याच सकाळी ती भाकरीवर ओतली, आणि दुधाचा पेला हातात घेऊन विचारलं, "रेडकाला ठेवलंय ना?"