ऑस्ट्रेलियातली करकपात: कुणाच्या खिशात किती?

ऑस्ट्रेलियात करवर्ष १ जुलैला सुरू होतं. १ जुलै २०२४ पासून इथे कर भरणाऱ्या जवळपास प्रत्येक नोकरदाराचा आयकर कमी झाला. भारतातून बातमी वाचताना प्रश्न पडतो, कर कमी झालाय तर भांडण कशाचं? भांडण होतं ते स्लॅबची रेष कुठे ओढायची याचं.

आधीचे दर असे होते: १८,२०० डॉलरपर्यंत शून्य, पुढे ४५,००० पर्यंत १९ टक्के, १,२०,००० पर्यंत ३२.५, १,८०,००० पर्यंत ३७ आणि त्यावर ४५. लिबरल-नॅशनल आघाडीच्या सरकारने २०१८ आणि २०१९ मध्ये तीन टप्प्यांची कपात कायद्यात बसवली. पहिल्या टप्प्यात कमी आणि मध्यम पगारवाल्यांना वर्षाला जास्तीत जास्त १,०८० डॉलरची सवलत होती, पण तात्पुरती. तिसऱ्या टप्प्यात ३७ टक्क्यांचा स्लॅबच जाणार होता आणि ४५,००० ते २,००,००० सरसकट ३० टक्के लागणार होते, तेही कायमचे. २०१९ मध्ये हे सगळं एकाच विधेयकात होतं. तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षाने ते वेगळं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. गरिबांची सवलत अडवली असा शिक्का नको म्हणून त्यांनी मुकाट्याने बाजूने मत दिलं. चाल बेरकी होती. खालच्यांची सवलत २०२१-२२ बरोबर संपली, वरच्यांची अजून यायची होती.

२०२२ च्या निवडणुकीआधी लेबर पक्षाचे नेते अल्बनीज यांनी तिसऱ्या टप्प्याला हात लावणार नाही, असं सांगितलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये, पंतप्रधान असताना, त्यांनी तो बदलला: १९ चे १६ टक्के केले, ३० टक्क्यांचा स्लॅब १,३५,००० वर थांबवला, ३७ टक्के परत आणले आणि ४५ टक्क्यांची रेष १,९०,००० वर नेली.

आता हिशेब. वर्षाला ४५,००० कमावणाऱ्याला मूळ योजनेत काहीच मिळत नव्हतं, नव्यात ८०४ डॉलर मिळाले. १,००,००० वाल्याचे १,३७५ होते, ते २,१७९ झाले. २,००,००० वाल्याचे मात्र ९,०७५ वरून ४,५२९ वर आले. साधारण १,४६,५०० च्या खाली ज्यांचा पगार, त्यांचा फायदा, वरच्यांचं नुकसान. वचनभंग म्हणून आता विरोधात गेलेल्या लिबरल-नॅशनल आघाडीने आरडाओरडा केला आणि शेवटी मत बाजूनेच दिलं. बहुसंख्य मतदारांचा वाढीव पगार कोण परत मागणार?

वरच्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. १,८०,००० ची रेष २००८ पासून हलली नव्हती. महागाईमुळे पगार फुगतो, बाजारात पिशवी तेवढीच भरते, आणि माणूस वरच्या दरात ढकलला जातो. पण १८,२०० ची रेषही २०१२ पासून तिथेच आहे, तिच्यासाठी कुणी गळा काढला नाही. माझ्या मते खरा उपाय म्हणजे सगळ्या रेषा दरवर्षी महागाईनुसार सरकवणं. पण मग निवडणुकीआधी वाटायला सरकारकडे काही उरत नाही!

नव्या योजनेला 'गरिबांची' म्हणणंही अर्धवटच. सर्वात खालचा दर कमी केला की तो लाभ वरच्यालाही पूर्ण मिळतो, कारण त्याच्याही पगाराचे पहिले ४५,००० त्याच दरातून जातात. बदलानंतरही २,००,००० वाल्याची बचत पगाराच्या सुमारे २.३ टक्के आणि ४५,००० वाल्याची १.८ टक्के. शिवाय ही सगळी झटापट पगारावरच्या कराची. घर किंवा शेअर वर्षभर ठेवून विकले तर नफ्याच्या निम्म्याच भागावर कर, ही १९९९ ची सवलत श्रीमंतांना जास्त कामाची, आणि २०२४ च्या त्या वादात तिला हात लागला नाही.

इथे नव्याने येणाऱ्यांनी वेगळी गोष्ट तपासावी. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, करासाठी तो रहिवासी ठरत असेल तर, सहसा इतर रहिवाशांचेच दर लागतात आणि वर २ टक्के मेडिकेअर लेव्ही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार. भारताशी आरोग्यसेवेचा करार नसल्यामुळे अशा बहुतेकांना मेडिकेअर मिळत नाही, तरी लेव्ही आपोआप माफ होत नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी यंत्रणेकडे त्या करवर्षासाठी अर्ज करून 'मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट', म्हणजे मेडिकेअर मिळत नसल्याचा दाखला, घ्यावं लागतं आणि मग रिटर्नमध्ये सूट मागावी लागते. वर्षाच्या मध्येच मेडिकेअर सुरू झालं तर सूट त्याआधीच्या दिवसांपुरतीच. १,००,००० च्या पगारावर ही लेव्ही २,००० डॉलर होते, म्हणजे अख्ख्या करकपातीत मिळालेल्या २,१७९ च्या जवळपास तेवढीच.