लेझर कटर, सनबोर्ड आणि शेऱ्याचा कॉलम

तुमच्या मेकरस्पेसमधे, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या वर्कशॉपमधे, काय काय आहे असं कोणी विचारलं की मी थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग स्टेशन, ड्रिल प्रेस वगैरे भराभर सांगून टाकते आणि लेझर कटरपाशी येऊन अडकते, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं निम्मं मशीनबद्दल नाहीच, मशीनशेजारी टेबलावर पडलेल्या रजिस्टरबद्दल आहे. जाड पुठ्ठ्याचं, दुकानात उधारी लिहायला वापरतात तसलं. मशीन वापरणाऱ्याने त्यात लिहायचं: तारीख, नाव, मटेरियल, कुठून आणलं, मोजलेली जाडी, स्पीड, पॉवर, किती मिनिटं, आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा कॉलम सोडून बाकी सगळं कुठल्याही ॲपमधे भरता येईल.

जागा पुण्यात, एका जुन्या शेडमधे. मशीन ६० वॉटचं, कार्बन डायऑक्साइडच्या काचेच्या ट्यूबचं, बाजारात मिळतं तसंच. वापरणारे मात्र तऱ्हेतऱ्हेचे. आर्किटेक्चरची पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री माउंट बोर्ड घेऊन येतात, एकजण ड्रोनचे भाग कापतो, एक ताई कानातले करून विकते, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत ते फक्त छोट्या रेल्वेची स्टेशनं बनवतात, खांबावरच्या घड्याळासकट. बाहेर जॉब वर्कवाल्याकडे गेलात तर तो फाईल घेतो, मिनिटाचा रेट सांगतो, संध्याकाळी या म्हणतो. इथे आधी ट्रेनिंग घ्यायचं, मग झाकण तुम्ही उघडायचं, फोकस तुम्ही लावायचा आणि काम संपेपर्यंत मशीनसमोरून हलायचं नाही. चहाला नाही, फोनवर बोलत गेटपर्यंत पण नाही. ॲक्रिलिक एकदा पेटलं की आपोआप विझत नाही, आणि जाळीच्या बेडखाली मागच्या लोकांचे बारीक तुकडे साठलेले असतात ते पण धरतात.

सगळ्यात जास्त वाद होतात सनबोर्डवरून. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, हलका, पांढराशुभ्र, हातातल्या कटरने पण कापता येतो, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की लेझरवर तर लोण्यासारखा कापला जाईल. जाईल पण. प्रॉब्लेम असा की तो पीव्हीसीचा फोम असतो आणि पीव्हीसीत क्लोरीन असतं, लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो हवेतल्या ओलाव्याला भेटला की हायड्रोक्लोरिक ॲसिड. घसा जळतो हे एक, आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, स्क्रू सगळ्याला आठवड्याभरात गंज धरायला लागतो हे दुसरं, आणि तो गंज सनबोर्ड कापणाऱ्याला एकट्याला भोगावा लागत नाही, सगळ्यांना लागतो. फ्लेक्सचं तेच, रेक्झिनचं तेच. रेक्झिन तर जास्त फसवं कारण दुकानदार त्याला बिनदिक्कत लेदर म्हणून विकतो. मग रजिस्टरमधे लाल पेनाने शेरा सापडतो: 'ताई हे लेदर नाही. वास घेऊन बघा.'

शंका असेल तर तांब्याच्या तारेची टेस्ट करायची, म्हणून टेबलाच्या खणात एक तार, पक्कड आणि छोटा गॅस टॉर्च ठेवलाय. तार लालभडक तापवायची, प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवायची, थोडं वितळून चिकटलं की परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, आणि मग तो तुकडा आमच्या मशीनमधे जाणार नाही, तुम्ही कितीही लांबून आला असाल तरी. बायलस्टाइन नावाच्या केमिस्टची ही टेस्ट एकोणिसाव्या शतकातली. खिडकीपाशी उभं राहून करायची, एवढंच बघा.

एक गोष्ट मी नवीन माणसाला ट्रेनिंगमधे हमखास सांगते. या मशीनमधला लेझर ज्याने शोधला तो माणूस बारामतीत जन्मलेला. सी. कुमार एन. पटेल, जन्म १९३८, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ ला डिग्री, मग अमेरिकेत स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्स ही संशोधन प्रयोगशाळा, आणि तिथे १९६४ च्या सुमाराला कार्बन डायऑक्साइड लेझर. म्हणजे त्याच कॉलेजच्या गावात आम्ही चिनी मशीनवर त्यांचा शोध वापरून कानातले कापतोय. ट्यूबमधे नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो, नायट्रोजन आणि हेलियम पण असतो. विजेने आधी नायट्रोजनचे रेणू चेकाळतात, ते आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात, आणि हेलियम कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना परत ताळ्यावर आणायचं काम करतो. जो प्रकाश बाहेर पडतो त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, डोळ्याला अजिबात दिसत नाही. आपल्याला पारदर्शक दिसणारं ॲक्रिलिक त्या प्रकाशाला चक्क भिंतीसारखं असतं, सगळा शोषून घेतं, म्हणून तर कापलं जातं. स्वस्तातल्या निळ्या डायोड लेझरचा प्रकाश मात्र त्याच पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो. 'घरी घेतलेल्या छोट्या लेझरने ॲक्रिलिक का कापलं जात नाही' या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता ते रजिस्टरच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय.

आता सेटिंगचं. नेटवर तयार तक्ते मिळतात पण ते आपल्या प्लायला लागू पडत नाहीत. टिंबर मार्केटमधून आणलेल्या ३ मिमी प्लायला कॅलिपर लावला तर एका कोपऱ्यात २.७ आणि दुसऱ्यात ३.१ भरतो, आत मधल्या थरात कुठे पोकळी, कुठे भरलेली पुट्टी, आणि वॉटरप्रूफ प्लाय असेल तर तो काळसर गोंद, ज्याच्यापाशी लेझर आला की नुसता कोळसा होतो आणि कट काही आरपार जात नाही. वरून सुंदर कापलेला दिसतो, उचलायला गेलात की तीन ठिकाणी चिकटलेला. म्हणून 'कुठून आणलं' हा कॉलम. काकांनी त्यांच्या रेल्वेसाठी निरनिराळ्या दुकानांतल्या प्लायच्या अशा नोंदी केल्यात की आता कोणीही प्लाय घ्यायला जायच्या आधी फोटो काढून नेतं. ॲक्रिलिकमधे पण कास्ट आणि एक्सट्रुडेड असे दोन प्रकार असतात, कास्टवर एनग्रेव्ह केलं की छान दुधी पांढरं उमटतं, एक्सट्रुडेडवर ते फिकट आणि चिकट येतं पण कट मात्र काचेसारखा स्वच्छ. दुकानदाराला विचारलं तर दोन्ही एकच म्हणतो. रजिस्टरला विचारायचं.

आणि खाचांचे जोड करणार असाल तर लेझर स्वतः खातो ती रुंदी धरा, आमच्याकडे ०.१५ ते ०.२ मिमीच्या आसपास. आधी एक कंगवा कापायचा, प्रत्येक खाच थोडी थोडी मोठी, आणि ज्यात शीटचा तुकडा दाबून बसेल तो आकडा घ्यायचा. दहा मिनिटं जातात. पूर्ण शीट वाया जाण्यापेक्षा परवडतं.

हवामानाचा पण हिशोब असतो, हे मला वाटतं बाहेरच्या देशातल्या गाईडमधे कोणी नीट लिहीत नाही. ट्यूबला पाण्याने गार ठेवावं लागतं, पाणी साधारण २० ते २५ डिग्री. नुसता पंखा आणि रेडिएटरवाला स्वस्त कूलर एप्रिल-मेमधे काही कामाचा नसतो, कारण शेडमधलीच हवा ४० च्या आसपास, पाणी त्याच्या खाली जाणारच कसं. म्हणून कॉम्प्रेसरवाला चिलर. पावसाळ्यात उलटं, चिलर जास्त गार ठेवला तर ट्यूबवर घाम धरतो आणि तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली शीट) पण त्याच दिवसात ओलं होऊन पापडासारखं वाकतं, फोकस एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला गेलेला. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा, त्यासाठीच ते जुने मोटरचे मॅग्नेट पडलेत, घरी नेऊ नका प्लीज. आणि गुरुवारी, म्हणजे लाईटच्या दुरुस्तीच्या दिवशी, लाईट जाण्याची शक्यता धरूनच मोठं काम लावा. गेलीच तर शीटला हात लावायचा नाही, जशी आहे तशी राहू द्यायची, मग उरलेलं कापता येतं.

गणपतीच्या आधीचा महिना मात्र वेगळाच. २०१८ ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरं एमडीएफची आणि पुठ्ठ्याची व्हायला लागली, आणि आमच्याकडे श्रावण लागला की स्लॉटसाठी मारामारी. प्रत्येकाची जाळी. जाळीचं काम दिसायला नाजूक आणि मशीनला जड, कारण रेषाच रेषा, त्यात कोणीतरी फाईल नेटवरून उचललेली, प्रत्येक रेष दोनदा असलेली, मग मशीन बिचारं तीच रेष परत कापत बसतं आणि कडा जळून काळ्या. आता नियम असा केलाय की त्या महिन्यात एका स्लॉटला दीड तास, आणि फाईलमधल्या डबल रेषा काढून आणल्या नसतील तर नंबर गेला. मागच्या वेळी एका सोसायटीच्या कमिटीने आम्ही वर्गणी देतो, पूर्ण दिवस द्या असं म्हणून पाहिलं. काकांनी त्यांना शांतपणे रजिस्टर उघडून दिलं आणि सांगितलं की कुठल्या नावाच्या पुढे रेघ मारायची ते तुम्हीच मारा. नाही मारली कोणी.

सगळ्यांनी मिळून लेझर वापरायचा हे आपल्याकडे काही नवीन नाही, पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशीच सगळ्यांची वर्कशॉप आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली, आणि तीही शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात. शहरातल्या लोकांनी फुशारकी मारायच्या आधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मधे एकाने सगळं ऑनलाईन फॉर्मवर न्यायचं ठरवलं. बुकिंग ऑनलाईन गेलं, चांगलंच झालं. मटेरियलच्या नोंदी पण गेल्या होत्या पण लोक फॉर्ममधे 'ओके' एवढंच लिहायला लागले. रजिस्टरमधे हाताशी पेन असतं, समोर मशीन चालू असतं, हलायची परवानगी नसते, मग माणूस लिहीतच बसतो. 'आरसा पुसला, एमडीएफनंतर पुसत जा रे.' 'पॉवर ५५ पुरते, ६५ कशाला लावता.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'मला नाही पुरली.' त्याच्या खाली तारखेसकट, 'लेन्स उलटी बसवली होती.'

आत्ताची अडचण अशी की ट्यूब म्हातारी होत चाललीये, वर्षापूर्वी ज्या स्पीडला ३ मिमी ॲक्रिलिक एका पासमधे, म्हणजे एका फेरीत, जायचं तिथे आता दोन लागतात, आणि पॉवर ८० टक्क्यांच्या वर ढकलली तर ती अजून लवकर जाईल. वर्गणी काढणं चालू आहे. नवीन ट्यूब बसली की आधीचे सगळे आकडे बाद, म्हणून पहिल्या शनिवारी कोणाचंच काम घ्यायचं नाही, फक्त टेस्टचे चौकोन कापायचे, प्रत्येकाने आपल्या मटेरियलचा हाताएवढा तुकडा आणायचा आणि त्यावर दुकानाचं नाव लिहून आणायचं. सनबोर्ड सोडून.